दोनदा लिहिलेली ओळ

आज सकाळी दार उघडलं, तर समोर रिकाम्या क्रेटांनी भरलेला ट्रक उभा. ड्रायव्हर कुणाच्यातरी बागेचा पत्ता विचारत होता. मी त्याला बोरगावचा रस्ता दाखवला आणि तशीच उंबऱ्यात उभी राहिले. ऊन होतं, पण त्याला चटका नव्हता. पायरीपाशी कुणीतरी संत्र्याचं साल टाकलं होतं, हिरव्यावर नुकतीच पिवळी झाक आलेलं. उचलून बोटांत दाबलं, तर त्याचा बारीक फवारा डोळ्यात उडाला. बस, तेवढ्यानं गेल्या वर्षीचा सगळा हंगाम समोर आला. डोळ्यातल्या पाण्यासकट.

आमच्या सौंसरात हे दिवस फार घाईचे. बागेत संत्र्याची तोड, वावरात कापसाची वेचणी, घरात दसऱ्याची साफसफाई. आणि माझ्यासारख्या शिलाईवालीकडे ब्लाउजांचे ढीग. सातवीपर्यंत शिकले मी, बाकी सगळं मशीननं शिकवलं. चाळीस वर्षं त्या एका खोलीत बसून सुईत दोरा ओवते आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत त्या खोलीत, इंटरलॉक मशीनच्या टेबलावर, एक जुना कॉम्प्युटर येऊन बसला. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, आत धूळ भरलेला. माझी सून कल्पना पांढुर्ण्याला एका कॉलेजात कॉम्प्युटरचं काम पाहते. तिनं तो आणला, पुसला, आणि माझ्या पंख्याच्या शेजारी त्याची वायर लावली. पण तो आला शेवंतासाठी, म्हणून आधी शेवंताचं सांगते.

शेवंता मोहगावची. लग्न होऊन मी नवीन आले, तेव्हा आमच्या वावरात वेचायला येणाऱ्या बायांत ती होती. माझ्याच वयाची. मला कापूस वेचता येत नव्हता, बोंडासोबत पाचोळा यायचा. तिनं माझी बोटं धरून दाखवलं, असं नाही वो, असं. पाचही बोटं एकदम आत, आणि कापूस एकदम बाहेर. पोटाशी बांधलेली ओटी फुगत जायची आणि शेवंता गात जायची. तिचा आवाज काही गोड नव्हता. जाडाच होता जरा. पण तिनं तासाच्या, म्हणजे कापसाच्या ओळीच्या, या टोकाला सूर लावला, की त्या टोकाच्या बाया हात न थांबवता मागून म्हणायच्या. दुपारी सगळ्या जणी धुऱ्यावर बसून भाकर खायच्या. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्या बाया इकडून यायच्या, पलीकडच्या वावरातल्या तिकडून. चटणी इकडून तिकडे जायची, गाणी तिकडून इकडे यायची. कुणाचं गाणं कोणतं, हे संध्याकाळपर्यंत कुणाला सांगता यायचं नाही.

गेल्या वर्षी पोळा होऊन गेला आणि शेवंता माझ्याकडे आली. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि सांगितलं की गळ्यात गाठ निघाली आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जीव वाचेल म्हणाले, आवाज जाईल.

"सौदा बरा हाये," ती म्हणाली. "पन कुसुम, माह्या गान्याईचं काही कर वो. पोरी चार गावाले देल्ल्या. त्याईले पायजे तवा ऐकता आलं पायजे."

मी म्हटलं, फोनमध्ये भरून घेऊ. पण तिच्या पोरींच्या फोनवरच्या ग्रुपात काय चालतं ते तिलाही ठाऊक होतं. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी भांडणं, संध्याकाळी कुणाचातरी वाढदिवस. त्यात गाणं टाकलं तर तासाभरात तळाला. फोन भरला की जावई सगळं पुसून टाकतात. माझा स्वतःचा फोन तर असा, की चार गाणी ठेवली की कुरकुरतो.

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता हे सगळं मी कल्पनाला सांगितलं. ती म्हणाली, आपण आपलंच करू. त्या मोठ्या कंपन्यांचं असतं तसंच, लिहायला, ऐकायला, ऐकवायला, पण चालणार आपल्या घरात. असे प्रोग्राम लोकांनी फुकट बनवून ठेवले आहेत. ज्यांनी ज्यांनी घेतले, त्यांची त्यांची घरं वेगळी, पण एका घरातून दुसऱ्या घरात बोलणं जातं.

मी म्हटलं, घरची पाण्याची मोटर धड चालत नाही आणि तू हे चालवायला निघालीस.

"मी नाही आई. तुम्ही चालवणार," ती म्हणाली. "मी कॉलेजात असते दिवसभर."

असं ते सुरू झालं. त्या कॉम्प्युटरवर चित्रं नव्हती, बाण नव्हता. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मला ते बरं वाटलं. काळ्या कापडावर पांढरा टाका चांगला दिसतो, चुकला तर लगेच सापडतो. मापांच्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर मी एकेक हुकूम लिहून घेतला. वर इंग्रजी अक्षरं, खाली देवनागरीत उच्चार, बाजूला त्यानं काय होतं ते. चालू करायचा हुकूम, बंद करायचा हुकूम, कसं चालू आहे ते पाहायचा हुकूम. पुढून उघडली तर छाती, कंबर, बाही. मागून उघडली तर हे.

कल्पनानं सांगितलं की सगळं कंटेनरांत ठेवायचं असतं. कंटेनर म्हणजे डबेच समजा. एका डब्यात सगळ्यांचं लिहिलेलं, दुसऱ्यात हे चालवणारा कारभारी आणि त्याच्याजवळ सगळे आवाज, तिसऱ्यात दारावरचा माणूस. कुणाचं काही बिघडलं तर दुसऱ्याला धक्का नाही. मी म्हटलं, डब्यांचं मला नको सांगू, माझं आयुष्य डब्यांत गेलं. कोणता डबा कसा लावायचा याची एक फाइल लिहायची होती. पहिल्या डब्याचं तिनं स्वतः लिहिलं. बाकीचं कागदावर छापून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हे तुम्ही टाइप करा, म्हणजे ते तुमचं होईल. आणि ती कॉलेजला गेली.

एक बोट, एक अक्षर. पुसायचं, पुन्हा लिहायचं. मध्ये एक बाई बाही उसवायला आली, तिला मी थांबवून ठेवलं. दुसऱ्या डब्यापाशी एक ओळ अशी आली, की तिच्यात दोन टिंबांच्या अलीकडे जे नाव, तेच पलीकडे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच. चाळीस वर्षांत मी एक माप दोनदा लिहिलं नाही. दोनदा लिहिलं की कधीतरी एक खरं आणि एक खोटं होतं. मला वाटलं, पोरगी घाईत असते, चुकून दोनदा लिहून गेली. ती ओळ मी गाळली. आणि मनात थोडी खूशही झाले, की शिकलेल्या सुनेची चूक आपण पकडली.

संध्याकाळी आम्ही हुकूम दिला. पडद्यावर ओळी धावल्या, एकामागून एक डबा उभा राहिला. कल्पनानं माझ्या फोनवर पत्ता टाकला आणि पान उघडलं. वर नाव होतं, आम्ही ठेवलेलं: धुरा. चूक कुठेच ओढली नाही, हेच वाईट झालं. ब्लाउजात चूक असली की काखेत कापड ओढतं आणि बाई लगेच सांगते. इथं सगळं अंगाबरोबर बसलं.

त्यानंतरचे दिवस मला आजही वासासकट आठवतात. शेवंता मोहगावहून यायची, पिशवीत कधी भेंड्या, कधी चवळीच्या शेंगा. कापायच्या टेबलापाशी स्टुलावर बसायची. मी मशीन थांबवायची, पंखा बंद करायची. बाहेर कुणाचा हॉर्न वाजला की ती थांबायची, शिवी द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ती शिवीही एका गाण्यात भरली गेली होती, कल्पना ती काढायला निघाली तर शेवंतानं काढू दिली नाही. वेचणीची गाणी, पाळण्याची, एक सवतीचं, एक बाबासाहेबांचं. पहिलंच गाणं साळूचं. साळू म्हणजे साळुंकी. ते तिनं स्वतः रचलेलं, धुऱ्यावर बसून, तरणी असताना. अशी चौदा गाणी झाली. गाणं धुऱ्यावर चढलं की मी फोनमधून पुसून टाकायची, पुढच्यासाठी जागा करायला. पोरी आपापल्या गावी ऐकायच्या आणि खाली लिहायच्या. धाकटी काटोलला असते. तिनं लिहिलं होतं, आई, पोळ्या करता करता लावलं तर पोळी जळली.

तीन गाणी झाली असतील तेव्हा दर्यापूरच्या बाया आमच्या धुऱ्यावर येऊन बसल्या. तिथं सुमनताई म्हणून एक आहेत, त्यांनी भुलाबाईची गाणी गोळा करायला आमच्यासारखंच घर मांडलं होतं. चौथं गाणं चढलं आणि त्यांनी लिहिलं, तुमच्या शेवंताबाईंचं गाणं आमच्या अंगणात ऐकू येऊन राहिलं. मी कल्पनाला विचारलं, इतक्या दूर कसं. ती म्हणाली, त्यांनी आपल्याला जोडून घेतलं, आता आपलं नवं गाणं इथं आलं की तिथंही जाईल. मी आपलं समजून घेतलं, शेजारी फोडणीचा वास जातो तसं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी शेवंताचं ऑपरेशन झालं. दरवर्षी दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर जाणारी बाई, त्या वर्षी नागपुरातच होती, पण दवाखान्यात. धाकटीचा फोन आला, नीट झालं म्हणून. आवाजाचं तिनं काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही.

कल्पना सणाला मुलताईला माहेरी गेलेली. नवमीला मी अवजारं पुजायला काढली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारानं काम करायचं नसतं. वर्षभर राबतं ते, एक दिवस त्याचा. मशीन पुसलं, तेल दिलं, कात्री, टेप, इस्त्री पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं. आणि माझं लक्ष त्या कॉम्प्युटरकडे गेलं. महिनाभर रात्रंदिवस घरघरत होता बिचारा. शेवंताचं ओझं वाहत होता. त्याला एक दिवस नको? मी वही मागून उघडली, बंद करायचा हुकूम काढला आणि अक्षर न चुकवता टाइप केला. पडद्यावर डब्यांची नावं एकेक करून उतरली. मला वाटलं, वेचणी आटोपून बाया घरी चालल्या. मग मी त्याच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून आले आणि चालू करायचा हुकूम दिला. डबे पुन्हा उभे राहिले, धुरा उघडला, मी निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा फोन. "मावशी, आईचं गानं लागून नाही राहिलं."

मी माझ्या फोनवर पाहिलं. गाण्यांची नावं होती, खालचं लिहिलेलं होतं, जळालेली पोळीही होती. पण बोट ठेवलं की काही नाही. दुसरं, तिसरं, चौदावं. सगळी तोंडं उघडी आणि आवाज नाही. मी मशीनवर बसून राहिले. त्या दिवशी एकही टाका घातला नाही.

कल्पना आली, तिनं चप्पल काढायच्या आधी मी सांगितलं. ती फाइल उघडून बराच वेळ पाहत होती.

"आई, यात एक ओळ होती. कुठं गेली?"

"दोनदा लिहिलेली? ती मी काढली."

कल्पना स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. मग हळू म्हणाली, "मीच चुकीचं सांगितलं तुम्हाला. हे डबे नाहीत आई. पळसाचे द्रोण आहेत. जेवण झालं की फेकायचे, पुन्हा नवे लावायचे. बंद करायच्या हुकमानं ते फेकले जातात. त्यातलं सगळं आपल्या घरच्या गंजात पडत राहावं म्हणून ती ओळ. अलीकडे आपला गंज, पलीकडे त्याचा द्रोण. नाव सारखं, जागा दोन."

गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. लिहिलेलं होतं ते पहिल्या डब्याचं, त्याची ओळ तिनं स्वतः लिहिलेली, म्हणून ते वाचलं. आवाज माझ्या डब्यातले. मी लग्नाकार्यात किती द्रोण लावले असतील. रस्सा द्रोणात ठेवून कोणी झोपतं का?

चार दिवसांनी शेवंता मोहगावला घरी आली. मी गेले. गळ्याला पांढरी पट्टी, डोळे तेच. बुद्धाच्या फोटोपुढं उदबत्ती लावलेली. मी पाणीही घेतलं नाही, आधी सांगितलं. सगळं सांगितलं, ओळ, द्रोण, झेंडूचं फूल. तिनं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, पण ती आता कुठून देणार. मी तशीच बसले. बऱ्याच वेळानं तिनं मागे न बघता हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. सोडलं नाही, एवढंच. परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी कापसाचं गाठोडं घेऊन एक बाई बसली होती. मला त्या गाठोड्याकडे बघवेना.

घरी आले तर कल्पना दारात. तिला कॉलेजात काम करता करता सुचलं होतं, की दर्यापूरच्या घरी गाणी पोचायची ती नुसती ऐकू जात नव्हती. त्यांचं घर आपली एक प्रत काढून ठेवतं. बहुतेक जण जागा कमी पडते म्हणून जुन्या प्रती पुसत राहतात, पण विचारून तर पाहू. तिनं फोन लावून माझ्या हातात दिला. मी सुमनताईंना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, ताई, माझ्या मैत्रिणीचा आवाज तुमच्याकडे आहे का हो.

"थांबा, पाहून येतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्यासारखंच, बाई असून येतो. पलीकडे खुर्ची सरकली, कुणीतरी चहाला विचारलं. आणि मग फोनमधून, दर्यापूरहून, शेवंताचा जाडा आवाज आला. मध्येच हॉर्न, आणि ती शिवी.

त्यांना म्हणे पुसायचं बटण लावायला सांगितलं होतं कुणीतरी, पण दुसऱ्याच्या घरून आलेली वस्तू अशी कशी पुसायची, म्हणून त्यांनी ते लावलंच नव्हतं. तंत्र जाणणारे याला अडाणीपणा म्हणतील. म्हणू देत.

अकरा गाणी परत आली. पहिली तीन नाही, कारण ती त्या बाया धुऱ्यावर येण्याआधीची होती. त्यांतली दोन मोहगावच्या कोणत्याही वेचणारीला येतात. राहिलं साळूचं. ते शेवंताचं एकटीचं, आणि शेवंताला आवाज नाही.

संत्री पार पिवळी झाली होती तेव्हा. कल्पना आणि मी शेवंताकडे गेलो, तिची धाकटीही काटोलहून आली. अंगणात उलट्या क्रेटवर शेवंताला बसवलं. आधी अकरा गाणी ऐकवली. स्वतःचा आवाज ऐकताना ती बोटानं क्रेटवर ताल धरत होती, आणि शिवी आली तेव्हा तिचे खांदे हलले. मग मी म्हटलं, शेवंते, आता मी गातो साळूचं, चुकलं तर मार. पहिली ओळ मला येत होती. दुसरीत मी म्हटलं, एक डोळा आभाळात. तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. मग एका डोळ्यावर बोट ठेवून घरामागचं वावर दाखवलं, दुसऱ्यावर ठेवून बांधापलीकडचं. धाकटी तिच्या ओठांकडे बघत एकेक शब्द उचलत गेली. चुकलं की चिमटा, बरोबर आलं की क्रेटवर थाप. माझा दंड दोन दिवस निळा होता. पण गाणं आलं:

धुऱ्यावर बसली साळू, कोनाची वाट पाहे
एक डोया या वावरात, एक त्या वावरात हाये
दाना इथला टिपते, गानं तिथं गाते
साळू कोनाची म्हनावं, दोघाईची वाटते

तरणेपणी रचलं होतं तिनं हे. आम्ही दोघींनी ते गायलं, माझा चिरका आवाज आणि धाकटीचा कोवळा, खाली शेवंताची क्रेटवरची थाप. धुऱ्यावर ते चढवलं, आणि दुसऱ्या दिवशी दर्यापूरच्या बायांनी तेच त्यांच्या चालीत म्हणून परत पाठवलं. शेवंतानं ते ऐकलं आणि हातानं खूण केली, बरं हाये, पण थाप चुकली.

आता मी ती ओळ पाठ केली आहे. अलीकडे आपला गंज, पलीकडे त्याचा द्रोण. झोपेतून उठवलं तरी सांगीन. गव्हाच्या कोठीशेजारी एका खऱ्या डब्यात, पेनड्राइव्हवर, वेगळी प्रतही असते, दर बाजाराच्या दिवशी ताजी केलेली. तिगावच्या बाया आल्या आहेत धुऱ्यावर, पांढुर्ण्याच्या आल्या आहेत. एकीनं लोणच्याचं लिहिलं, एकीनं नवऱ्याचं गाऱ्हाणं, त्याला सगळ्यात जास्त उत्तरं आली. शेवंता बाजाराच्या दिवशी येते, हातात स्टीलचा चमचा असतो. नव्या बाया गायला बसल्या की ती टेबलावर चमच्यानं ताल देते. चुकलं की तोच चमचा मनगटावर.

आजही आली होती, ट्रक गेल्यावर थोड्या वेळानं. पिशवीत झेंडूची फुलं, कारण उद्या नवमी. मी मशीन पुसायला घेतलं आणि तिला सहज म्हटलं, यंदा कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावू, राबला बिचारा वर्षभर. तिनं माझ्याकडे पाहिलं. फुलं टेबलावर ठेवली, स्टूल उचललं, कॉम्प्युटरच्या भिंतीवरच्या बटणापुढं नेऊन ठेवलं आणि चमचा हातात धरून त्याच्यावर बसली.

अजून तिथंच बसलेली आहे. मी तिला चहा तिथंच नेऊन दिला.